चौदा मुद्द्यांचं पत्रक: मीडिया आर्ट्स विभागातल्या एका सत्रअखेरीचं प्रकरण

मीडिया आर्ट्स शिकवणाऱ्या एका महाविद्यालयीन विभागात सत्र संपायच्या आठवडाभर आधी स्टाफला एक पत्रक गेलं. एकूण १४ मुद्दे. सबमिशन कधी, उपकरणं परत कधी, एडिट लॅब बंद कधी, प्रदर्शन आणि स्क्रीनिंग कधी, गुण कधीपर्यंत भरायचे, एका सहकाऱ्याच्या निवृत्तीची बातमी, पुढच्या सत्रातल्या ध्वनी कार्यशाळेची आगाऊ सूचना. एकही तारीख चुकीची छापलेली नव्हती आणि ज्यांनी ते तयार केलं त्यांनी मनापासून केलं होतं. तरीही पुढच्या आठवड्यात विभागात जो गोंधळ झाला, त्याचं कारण शोधताना सगळे जण फिरून फिरून त्या एका पानापाशीच येत राहिले.

मी तिथे बाह्य परीक्षक म्हणून गेले होते. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, गुरुवारी होत्या. पण विद्यार्थ्यांच्या फिल्म्स लॅपटॉपवर बघून गुण देणं मला पटत नाही, म्हणून बुधवारी दुपारीच सभागृहात जाऊन बसले. त्यामुळे तांत्रिक चाचणी माझ्यासमोर झाली. पुढच्या सत्रात पत्रकाची मांडणी नव्याने करायला विभागप्रमुखांनी बोलावलं, तेव्हाही मी होते. विभागाच्या संमतीने हे लिहिते आहे. नावं गाळली आहेत.

तारखा आणि त्यांचा क्रम

कार्यालयात मुद्दे ज्या क्रमाने पोचले त्याच क्रमाने पत्रकात उतरले होते. ते आठवड्याच्या वारांवर मांडले तर असं दिसतं: सोमवारी रात्री बारापर्यंत मूल्यांकनासाठी फाइल सबमिट करायची. मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत सगळी उपकरणं स्टोअरला परत. बुधवारी सकाळी एडिट लॅब बंद, कारण सगळ्या संगणकांवर सिस्टिम अपडेट. त्याच बुधवारी दुपारी बारापर्यंत स्क्रीनिंगसाठीची फाइल वेगळी द्यायची. गुरुवारी दिवसभर व्हायवा, चार वाजता प्रदर्शनाचं उद्घाटन, सहा वाजता स्क्रीनिंग. शुक्रवारी सर्व्हर साफ. त्यापुढच्या सोमवारपर्यंत गुण भरून द्यायचे आणि गुण जाहीर झाल्यावर दोन आठवडे पुनर्मूल्यांकनाचे अर्ज घेणार.

प्रत्येक तारखेमागे कुणाची तरी रास्त गरज होती. स्टोअरला मोजदाद करायला वेळ हवा होता. लॅबचं अपडेट करणारी माणसं बुधवारीच मोकळी होती. सर्व्हर भरत आला होता. या गरजा एकमेकींशेजारी मांडून कुणी पाहिल्या नव्हत्या, एवढंच. बुधवारी दुपारी फाइलमध्ये दोष निघाला तर तो दुरुस्त करायची जागा सकाळीच बंद झालेली, आणि ज्या डिस्कवर मूळ काम होतं ती आदल्या संध्याकाळी परत गेलेली. गुणांबद्दल कुणी दाद मागितली तर फिल्म पुन्हा बघायला सर्व्हरवर काहीच शिल्लक नाही.

आणखी एक गोष्ट बरीच उशिरा लक्षात आली. पत्रक "सर्व स्टाफ" या यादीला गेलं होतं आणि त्या यादीत फक्त पूर्णवेळ शिक्षक होते. स्टोअर सांभाळणारे काका, सभागृहाचं प्रोजेक्शन बघणारे ऑपरेटर, लॅब सहायक आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक यांच्यापैकी कुणालाच ते मिळालं नव्हतं. चौदापैकी निम्म्याहून जास्त मुद्दे याच माणसांच्या हातून पार पडायचे होते. गुरुवारी चार वाजता लॅब सहायक व्हायवाच्या खोलीत फाइल लावून देणार होते आणि त्याच वेळी प्रदर्शनातले प्रोजेक्टर चालू करून देणार होते. हे त्यांना गुरुवारी साडेतीनला कळलं.

बुधवारची दुपार

ऑपरेटर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फिल्म्स एका टाइमलाइनवर ओळीने लावून एकच सलग रील बनवत होते. सभागृहात एकामागून एक फाइल चालवण्यापेक्षा हे सोपं वाटतं. टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेम्सची, म्हणजे २५ स्थिर चित्रांची. आलेल्या फाइल्स मात्र २४, २५, २९.९७ आणि ३० अशा सगळ्या प्रकारच्या. पहिली अडचण तिथेच दिसली. २४ ची फिल्म २५ ने पळवली तर ती सुमारे चार टक्के जास्त वेगाने जाते, दहा मिनिटांची नऊ मिनिटं छत्तीस सेकंदांत संपते आणि बोलणाऱ्यांचे आवाज किंचित वर चढतात. तसं न करता फ्रेम मध्ये घुसवून किंवा गाळून वेळ जुळवली तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं. २९.९७ च्या फाइल्समध्ये हे अडखळणं अगदी डोळ्यावर येत होतं.

मग एक फिल्म आली, आजी आणि नात यांच्या संवादाची. पहिल्या मिनिटाला सगळं नीट. चौथ्या मिनिटाला आजीचे ओठ मिटलेले आणि वाक्य अजून चालू. जिची फिल्म होती ती मुलगी शेजारीच उभी होती.

"सर, माझ्या लॅपटॉपवर हे बरोबर दिसतं. खरंच."

"दिसत असणारच," ऑपरेटर म्हणाले. "फोनवर शूट केलंस ना? आणि एडिटपण फोनवरच?"

तिने मान हलवली. फोन बहुतेक वेळा फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत. उजेड कमी झाला किंवा प्रोसेसरवर ताण आला की सेकंदाला ३० ऐवजी २७, २८ फ्रेम्स टिपतात आणि प्रत्येक फ्रेमवर वेळेची खूण करून ठेवतात. साधा व्हिडिओ प्लेअर ती खूण वाचून चालतो, म्हणून आवाज जुळलेला राहतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर अनेकदा फ्रेम्स ठरावीक अंतराने येत आहेत असं धरून चालतं, तिथे आवाज हळूहळू निसटतो. यावरचा उपाय सोपा आहे. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये "कॉन्स्टंट फ्रेम रेट" निवडून फाइल पुन्हा बनवायची. ऑपरेटरांनी आपल्या लॅपटॉपवर ते केलं आणि ती फिल्म सुटली. पण हे काम सभागृहात, चाचणी थांबवून झालं. अशा फिल्म्स आणखी होत्या.

त्यानंतर एका फिल्ममध्ये काळा रंग राखाडी दिसायला लागला, दुसरीत सावल्यांमधला सगळा तपशील काळ्यात बुडाला. चित्रातला उजेड आकड्यांत मांडायच्या दोन पद्धती आहेत: व्हिडिओ पातळ्यांमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, पूर्ण पातळ्यांमध्ये ० आणि २५५. एक्स्पोर्ट करताना एक ठरवलेलं आणि प्लेबॅकने दुसरं गृहीत धरलं की हे दोन्हीपैकी एक होतं. वर्षभर प्रकाशयोजनेवर मेहनत घेतलेल्या मुलाने आपली फिल्म धुक्यात बघितली. त्याच्या चेहऱ्यावरची निराशा मी विसरलेले नाही, आणि शिक्षक म्हणून मला वाटतं की तांत्रिक चाचणीला आपण जे दुय्यम काम समजतो ते सोडलं पाहिजे. विद्यार्थ्याचं काम लोकांसमोर कसं पोचतं, हा शिकवण्याचाच भाग आहे.

आवाजाची पातळी हा वेगळाच प्रश्न होता. प्रसारणासाठी युरोपात −२३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) हे सरासरी लाउडनेसचं प्रमाण २०१० पासून वापरात आहे. इंटरनेटवरच्या मोठ्या व्हिडिओ मंचांवर आवाज −१४ च्या आसपास धरला जातो. विभागाने विद्यार्थ्यांना काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून ज्याने त्याने आपल्या हेडफोनवर बरं वाटेल ते ठेवलं होतं. दोन फिल्म्समध्ये नऊ-दहा डेसिबलचा फरक असेल तर दुसरी जवळजवळ दुप्पट मोठी ऐकू येते. शांत फिल्ममागून अशी एखादी फिल्म आली की मागच्या रांगेतला माणूसही दचकतो. ऑपरेटरांनी प्रत्येक फिल्मसाठी फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, कुठे ठेवायचा हे कागदावर लिहून काढलं आणि गुरुवारी पूर्ण कार्यक्रमभर त्या कागदावर एक बोट ठेवून बसले.

बारावा मुद्दा

इथपर्यंतच्या अडचणी रात्र जागून सुटण्यासारख्या होत्या. खरं नुकसान पत्रकातल्या बाराव्या मुद्द्याने केलं. तो सर्वांत आनंदाने लिहिलेला होता: यंदा प्रथमच स्क्रीनिंगचं थेट प्रक्षेपण इंटरनेटवर होणार.

जनसंपर्क बघणाऱ्यांना ही चांगली बातमी वाटली आणि पालकांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती होतीही. शिक्षकांनीही ती तशीच वाचली. प्रेक्षक बदलले की फिल्मच्या कायदेशीर आणि नैतिक अटी बदलतात, याकडे लक्ष गेलं नाही. वर्गात शिकवताना दुसऱ्याचं संगीत वापरायला बऱ्याच देशांच्या कायद्यांत काही सवलत असते. खुल्या प्रक्षेपणाला ती सवलत लागू आहे असं धरून चालता येत नाही, आणि व्हिडिओ मंचांची स्वयंचलित तपासणी ओळखीचं गाणं सापडलं की प्रक्षेपण मध्येच बंद पाडू शकते. एका विद्यार्थ्याने आपल्या फिल्मच्या शेवटच्या तीन मिनिटांवर प्रसिद्ध गाणं ठेवलं होतं. त्याच्या शिक्षकांनी सत्राच्या सुरुवातीला "वर्गापुरतं चालेल" असं सांगितलं होतं आणि ते तेव्हा बरोबरच होतं. बुधवारी दुपारी त्याला प्रक्षेपणाबद्दल कळलं. गाणं बदलायला तो तयार होता, पर्यायी संगीतही त्याच्याकडे होतं. पण एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये संवाद, पार्श्वध्वनी आणि गाणं एकाच स्टीरिओ ट्रॅकमध्ये मिसळलेलं असतं. गाणं तेवढं काढायचं तर मूळ प्रोजेक्ट उघडायला हवा, आणि प्रोजेक्ट विभागाच्या एसएसडीवर, म्हणजे स्टोअरमधून मिळणाऱ्या डिस्कवर होता.

तो स्टोअरकडे धावला. मी त्याच्या मागे गेले. काचेच्या खिडकीपलीकडे परत आलेल्या वस्तू रांगेत लावलेल्या होत्या: कॅमेऱ्यांच्या बॅगा, माइकच्या गुंडाळलेल्या एक्सएलआर केबल्स, माइक पुढे धरायच्या बूमच्या काठ्या, चार्ज अर्ध्यावर आणून ठेवलेल्या बॅटऱ्या. लिथियम आयन बॅटरी सुट्टीभर पूर्ण भरून ठेवली तर लवकर थकते, हे काकांना कुणी शिकवलं नव्हतं, अनुभवाने माहीत होतं. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी, रजिस्टरमध्ये सही. मी इतकं नीटनेटकं स्टोअर क्वचित पाहिलं आहे.

"काका, सात नंबरची डिस्क?"

"काल रात्रीच साफ केली रे. नियम आहे. आणि तुमच्या कार्यशाळेच्या मॅडमचं साहित्य आज सकाळी त्याच्यावर चढवलं."

साफ केल्यावर वर नवीन फाइल्सही चढल्या होत्या. परत मिळवायची आशा नव्हती. मुलगा काही बोलला नाही. काकाच अस्वस्थ झाले. "मला कुणी सांगितलं असतं तर मी महिनाभर ठेवली असती," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

डिस्क परत आल्यावर पुसायचा नियम मी चुकीचा मानत नाही. त्या डिस्कवर लोकांच्या मुलाखती असतात, घरांच्या आतली दृश्यं असतात, लहान मुलं असतात. पुढच्या विद्यार्थ्याच्या हातात ती भरलेली जाणं हा गंभीर निष्काळजीपणा ठरेल. नियम राहायलाच हवा. तो कधी अंमलात आणायचा हे स्क्रीनिंगच्या तारखेवरून ठरायला हवं होतं.

दुसरी गोष्ट याहून नाजूक होती. एका विद्यार्थिनीने कौटुंबिक हिंसेतून बाहेर पडलेल्या एका स्त्रीवर माहितीपट केला होता. चेहरा दाखवायला त्या बाईंनी संमती दिली होती, आणि ती लेखी होती. त्यात लिहिलं होतं: शैक्षणिक वापरासाठी, विभागात दाखवण्यासाठी. इंटरनेट हा शब्द त्यात नव्हता, कारण तेव्हा तो प्रश्नच नव्हता. विद्यार्थिनीने बाईंना फोन करून विचारावं, अशी सूचना एका शिक्षकाने केली. ती म्हणाली, "सर, आदल्या दिवशी विचारलं तर त्या माझ्यासाठी हो म्हणतील. मला तसं हो नको आहे." माझ्या मते त्या आठवड्यातलं सर्वांत समजूतदार वाक्य तिचं होतं. घाईत, उपकाराच्या भावनेतून मिळालेली संमती ही संमती नसते, हे माहितीपट शिकवताना आम्ही सांगतो. तिने ते पाळून दाखवलं.

शेवटी विभागप्रमुखांनी निर्णय घेतला. दोन्ही फिल्म्स सभागृहात दाखवल्या, तेवढा वेळ प्रक्षेपण थांबवून पडद्यावर सूचना ठेवली. निर्णय योग्य होता. पण माहितीपटाच्या वेळी प्रक्षेपण पुन्हा सुरू करायला उशीर झाला आणि पुढच्या फिल्मची पहिली दोन मिनिटं घरी बसलेल्यांना दिसलीच नाहीत. त्या फिल्मच्या मुलाचे आईवडील त्या दोन मिनिटांसाठीच बसले होते.

प्रदर्शन

यावर थोडक्यात लिहिते, कारण अडचण त्याच जातीची होती. पत्रकातल्या नवव्या मुद्द्यात प्रदर्शनाची खोली बदलली होती. एका विद्यार्थिनीचं मांडणीचं काम (इन्स्टॉलेशन) १.५ थ्रो रेशोच्या, म्हणजे अंतर चित्राच्या रुंदीच्या दीडपट लागणाऱ्या प्रोजेक्टरवर बेतलेलं होतं: सहा मीटर अंतरावरून चार मीटर रुंद चित्र. नव्या खोलीत अंतर तीन मीटर, म्हणून चित्र दोन मीटर. रुंदी अर्धी झाली म्हणजे क्षेत्रफळ पाव. प्रेक्षकाने चित्राच्या आत उभं राहावं असं ते काम होतं आणि ते भिंतीवरची चौकट होऊन बसलं. दुसऱ्या एका कामात दिवे झपाट्याने लुकलुकत होते. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या प्रमाणात सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारं काहीही टाळायला सांगितलं आहे, कारण त्याने काहींना फेफऱ्याचा झटका येऊ शकतो. तीच काळजी खोलीतल्या कामालाही लागू होते. दारावर इशारा लावायचा हे विद्यार्थ्याला माहीत होतं. नव्या खोलीला दारं दोन होती, इशारा एकाच दारावर लागला. सुदैवाने काही झालं नाही.

पुढच्या सत्रात

नव्या पत्रकासाठी बैठक घ्यायची ठरली तेव्हा मी एकच आग्रह धरला, की टेबलाभोवती काका, ऑपरेटर, लॅब सहायक आणि तासिका तत्त्वावरचे निदान दोन शिक्षक हवेत. ते आले. सुरुवात आम्ही स्क्रीनिंगच्या संध्याकाळपासून केली आणि तिथून मागे मागे येत गेलो. प्रत्येक टप्प्यावर विचारायचं, हे व्हायला आधी काय झालेलं असलं पाहिजे आणि हे झाल्यावर काय करणं शक्य राहणार नाही.

ऑपरेटर म्हणाले, सगळ्या फिल्म्स सभागृहात तपासायला मला पूर्ण दिवस लागतो, आणि दोष दुरुस्त व्हायला आणखी एक. म्हणजे फाइल तीन दिवस आधी हातात हवी. यावर एडिटिंग शिकवणाऱ्या शिक्षकांनी जोरदार आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं होतं की फिल्म घडते ती शेवटच्या चार दिवसांत, आणि तेच तुम्ही काढून घेताय. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. एडिट टेबलवर शेवटच्या टप्प्यात होणारे बदल अनेकदा सर्वांत धाडसी असतात. बराच वेळ अडल्यावर तोड काकांनी सुचवली. "उपकरणं" हा शब्द ते एकत्र वाचतच नव्हते. त्यांच्या लेखी कॅमेरे, दिवे आणि माइक वेगळे, डिस्क वेगळ्या, प्रदर्शनाचे प्रोजेक्टर आणि मीडिया प्लेअर वेगळे. कॅमेरे एक आठवडा आधीच परत घ्या, ते म्हणाले, म्हणजे पोरं शूटिंग थांबवतील आणि एडिटला बसतील. प्रोजेक्टर प्रदर्शन उतरल्यावर. डिस्क सर्वांत शेवटी. एडिटिंगचे दिवस जेवढे होते तेवढेच राहिले, फक्त आठवडाभर आधी सरकले.

मूल्यांकनाची फाइल वेगळी आणि स्क्रीनिंगची वेगळी ही पद्धत बंद झाली. फाइल एकच, आणि तिचा नमुना ठरलेला: १९२० बाय १०८०, २५ फ्रेम्स, ध्वनी ४८ किलोहर्ट्झ, सरासरी लाउडनेस −२३, शक्यतो प्रोरेस ४२२ एचक्यू या उच्च दर्जाच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये. दहा मिनिटांची अशी फाइल साधारण १३.८ जीबी होते. हे आकडे सांगणं गरजेचं आहे, कारण जुन्या फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल जातच नाही आणि मुलं तिथे अडकून शेवटच्या क्षणी दर्जा कमी करून फाइल दाबतात. एक्सफॅट फॉरमॅट वापरा, ही सूचना आता फाइलच्या नमुन्यासोबतच जाते.

मग लक्षात आलं की २५ फ्रेम्स हा निर्णय सत्राच्या शेवटी सांगून उपयोग नाही. तो शूटिंगच्या आधी, पहिल्या आठवड्यात सांगायला हवा. फोनवर शूट करणाऱ्यांना स्थिर फ्रेम रेट देणारं कॅमेरा ॲप वापरायलाही तेव्हाच सांगायचं. संमतीपत्राचंही तसंच. नव्या संमतीपत्रात वर्ग, सभागृह आणि इंटरनेट अशा तीन वेगळ्या सह्या आहेत आणि नंतर मागे घेता येईल अशी सोय आहे. थेट प्रक्षेपण होणार की नाही हे सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात ठरतं, त्यानंतर बदलत नाही. ही तरतूद जनसंपर्क विभागाने सहज मान्य केली. अडचण काय आहे हे त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

सर्व्हर साफ करायची तारीख पुनर्मूल्यांकनाची मुदत संपल्यानंतरची आहे. सगळं ठेवायचं म्हटलं तर जागा पुरत नाही. अंतिम फिल्मच्या दहापट तरी कच्चं फुटेज असतं. म्हणून विभाग अंतिम फाइल, प्रोजेक्ट फाइल, संवाद-संगीत-ध्वनी यांचे सुटे ट्रॅक आणि उपशीर्षकांची फाइल ठेवतो, कच्चं फुटेज विद्यार्थ्याने आपल्या डिस्कवर न्यायचं. प्रेक्षकाच्या कृतीला प्रतिसाद देणाऱ्या (इंटरॅक्टिव्ह) कामांसाठी सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहून ठेवायची आणि काम चालू असतानाचा व्हिडिओ घ्यायचा. वेबवरची ॲनिमेशन आणि इंटरॅक्टिव्ह कामं चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला, त्यानंतर किती विभागांमधली विद्यार्थ्यांची कामं उघडेनाशी झाली असतील, याचा विचार करून मला आजही हळहळ वाटते.

पत्रकाची मांडणीही बदलली. निवृत्ती, सत्कार, कार्यशाळा या बातम्या वेगळ्या पानावर जातात. कामाच्या पानावर प्रत्येक तारखेपुढे ते काम करणाऱ्या माणसाचं नाव असतं, आणि पान बाहेर पडण्याआधी त्या माणसाने ते वाचलेलं असतं. एकच नाव एकाच वेळी दोन ठिकाणी आलं तर तिथेच दिसतं.

त्या सत्राचं स्क्रीनिंग नीट पार पडलं. दोन फिल्म्समध्ये दोष निघाले, दोन्ही मंगळवारी लॅबमध्ये दुरुस्त झाले. लॅबचं अपडेट सुट्टीत ढकललं होतं.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा करार शेवटच्या तासाला संपतो. तांत्रिक चाचणी, स्क्रीनिंग, पुनर्मूल्यांकन हे सगळं त्यानंतर. ज्यांनी सत्रभर फिल्म घडवून घेतली तेच शिक्षक चाचणीला येतात ते आपल्या पदरच्या वेळेत, किंवा येऊच शकत नाहीत. व्हायवाच्या दिवसाचं मानधन मंजूर झालं आहे. चाचणीचा दिवस आणि पुनर्मूल्यांकनाचे तास करारात धरावेत, असा अर्ज विभागप्रमुखांनी प्राचार्यांकडे दिला आहे. त्यासोबत जुनं आणि नवं अशी दोन्ही पत्रकं जोडली आहेत.